अजगराचं डोकं काय सांगतं, आणि काय सांगत नाही

    चहा घेऊन बसा, आज जरा वेगळा विषय आहे.

आज आपण बोलणार आहोत अजगराच्या डोक्याबद्दल. हो, फक्त डोक्याबद्दल. अजगर म्हटलं की आपण लांबी विचारतो, वजन विचारतो, आणि "माणसाला गिळतो का हो?" हे तर हमखास विचारतो. डोक्याकडे कुणी नीट बघत नाही. बघितलंच तर त्यातून एकच निष्कर्ष निघतो : "डोकं त्रिकोणी आहे, म्हणजे विषारी." पावसाळा सुरू झाला की हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरायला लागतं. या एका वाक्यापायी बिचारे बिनविषारी साप मारले जातात, आणि कधी कधी माणसंही जातात. म्हणून आजचा प्रश्न साधा आहे. अजगराच्या डोक्याचा आकार आपल्याला नेमकं काय सांगतो? आणि काय सांगत नाही?

आधीच सांगून टाकतो, मी प्राणिशास्त्रज्ञ नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. पण आकार मोजायचा, त्यातून गट पाडायचे, आणि त्या गटांवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवायचं, हा प्रकार माझ्या कामाच्या बराच जवळचा आहे. त्यामुळे या विषयात शिरलो आणि रमलो.

तर सुरुवात शब्दापासून करू. "अजगर" म्हणजे अज गिळणारा, बकरी गिळणारा. आपल्याकडे एकच शब्द आहे, पण जगात अजगरांच्या साधारण ४० जाती आहेत. आफ्रिका, दक्षिण आणि आग्नेय आशिया, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया एवढ्या पट्ट्यात ते सापडतात. अमेरिका खंडात मूळचा एकही अजगर नाही, तिथे बोआ आहेत. भारतात तीन जाती आहेत. आपल्या महाराष्ट्रात दिसतो तो भारतीय अजगर. ईशान्य भारतात आणि तराईच्या पट्ट्यात ब्रह्मी अजगर. आणि निकोबार बेटांवर जाळीदार अजगर, म्हणजे जगातला सर्वांत लांब साप.

या ४० जातींमध्ये दोन फुटांचे बुटके आहेत आणि वीस फुटांच्या पुढे जाणारे राक्षसही आहेत. कुणी झाडावर राहतो, कुणी दलदलीत, कुणी वाळवंटातल्या बिळात. आणि प्रत्येकाचं डोकं वेगळं.

आता डोकं आतून कसं असतं ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सापाला हात नाहीत, पाय नाहीत. भक्ष्य पकडायचं ते तोंडाने, गिळायचं ते अख्खं. त्यामुळे डोकं हेच त्याचं सगळं हत्यार. अजगराच्या खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीपाशी एकमेकांना पक्की जोडलेली नसतात, मधे ताणलं जाणारं ऊतक असतं. कवटी आणि खालचा जबडा यांच्यामध्ये एक लांब हाड बिजागरीसारखं काम करतं. त्यामुळे डावी बाजू आणि उजवी बाजू आलटून पालटून पुढे सरकवत तो भक्ष्यावर अक्षरशः "चालत" जातो. जबडा निखळतो, असं जे आपण ऐकतो ते खरं नाही. काहीही निखळत नाही, सगळं जागच्या जागी असतं. २०२२ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातल्या ब्रूस जेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रह्मी अजगरावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की तोंड एवढं मोठं उघडण्यात हाडांइतकाच मोठा वाटा खालच्या जबड्यांमधल्या ताणल्या जाणाऱ्या कातडीचा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. जबडा लांब हवा, मागे स्नायू दणकट हवेत, म्हणजे डोक्याचा मागचा भाग रुंद होणार. मान बारीक असेल तर ही रुंदी जास्तच उठून दिसणार. झाला त्रिकोण! घोणशीच्या डोक्यातही मागे रुंदी असते, पण तिथे विषग्रंथींनी जागा घेतलेली असते. म्हणजे बाहेरून खोका सारखा दिसतो, आतला माल वेगळा. अजगराकडे विषग्रंथी नाहीत, विषदंत नाहीत. आहेत ते मागे वळलेले, पकड सुटू न देणारे दात. चावला तर रक्त भरपूर येईल, पण विष नाही.

चला, आता एकेका अजगराकडे जाऊ.

आपल्या भारतीय अजगराचं डोकं भाल्याच्या पात्यासारखं, मान स्पष्ट वेगळी. डोक्यावर बाणाच्या टोकासारखी तपकिरी खूण असते, आणि ती नाकाकडे येताना फिकट होत जाते. ब्रह्मी अजगराच्या डोक्यावरचा बाण ठळक असतो, नाकापर्यंत पूर्ण उमटलेला. या दोघांना बराच काळ एकाच जातीच्या उपजाती मानत होते. २००९ मध्ये त्यांना वेगळ्या जाती म्हणून मान्यता मिळाली. आणि गंमत म्हणजे ओळखायची आणखी एक खूण डोक्याच्या आकारात नाहीच, ती खवल्यांत आहे. भारतीय अजगरात वरच्या ओठाचा खवला डोळ्याला जाऊन भिडतो. ब्रह्मी अजगरात डोळा आणि ओठ यांच्यामध्ये छोट्या खवल्यांची एक रांग असते. म्हणजे दोन डोकी लांबून सारखी दिसतात, पण बारीक बघितलं की ओळख पटते.

जाळीदार अजगराचं डोकं तुलनेने लांबट आणि निमुळतं. डोक्याच्या मधोमध एक बारीक काळी रेघ, डोळ्यापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत आणखी एक रेघ, आणि डोळे नारिंगी. एकदा बघितलं की विसरत नाही.

त्याच भागात, म्हणजे मलेशिया, सुमात्रा इकडे, ब्लड पायथन नावाचा अजगर आहे. लांबीला फारसा नाही, पण अंगाने जाडजूड, शेपूट आखूड आणि डोकं रुंद, चपटं. दलदलीत, ओलसर पालापाचोळ्यात हा दबून बसतो. हा शिकारीच्या मागे धावत नाही. उंदीर जवळ आला की झडप. एका जागी बसून वाट बघणाऱ्याला मोठं, रुंद तोंड परवडतं.

आता झाडावर जाऊ. न्यू गिनी, आसपासची बेटं आणि ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक केप यॉर्क इथे हिरवा वृक्ष अजगर राहतो. फांदीवर वेटोळं घालून, मधोमध डोकं ठेवून बसलेला हिरवागार साप तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. याचं डोकं मोठं, मागे फुगीर, आणि मान एकदम बारीक. फांदीला शेपटीने धरून खाली झेप घ्यायची आणि भक्ष्य हवेतच धरून ठेवायचं, खाली पडू द्यायचं नाही. त्यासाठी लांब दात आणि जबड्याची घट्ट पकड लागते. याला कुणी "त्रिकोणी, म्हणजे विषारी" म्हटलं तर नवल नाही, कारण त्रिकोणीपणात हा घोणशीच्या तोडीचा आहे. आणि तरीही पूर्ण बिनविषारी.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे ऑस्ट्रेलियातले दोन अजगर, काळ्या डोक्याचा अजगर आणि वोमा. यांना बघून अजगर वाटतच नाही. डोकं अरुंद, मान जवळजवळ नाहीच, डोक्यातून धड सरळ सुरू होतं. का? कारण यांचा वावर बिळांमध्ये. वोमा तर डोक्याचा फावड्यासारखा उपयोग करून बीळ मोठं करतो. अरुंद बिळात भक्ष्याभोवती वेटोळं घालायला जागा नसते, मग तो भक्ष्याला बिळाच्या भिंतीवर दाबून मारतो. अशा ठिकाणी रुंद त्रिकोणी डोकं घेऊन गेलात तर अडकूनच बसाल. दोघांच्या खाण्यात सरडे, साप असे सरपटणारे प्राणी पुष्कळ. काळ्या डोक्याचा अजगर तर विषारी सापसुद्धा खातो.

या दोघांकडे आणखी एक गोष्ट नाही. बहुतेक अजगरांच्या ओठांवरच्या खवल्यांमध्ये छोट्या खाचा असतात. या खाचा उष्णता ओळखतात. अंधारात उंदीर बसला असेल, तर त्याच्या अंगाची ऊब अजगराला जाणवते. आपल्या भारतीय अजगरात नाकाच्या टोकाच्या खवल्यावर आणि वरच्या ओठाच्या पहिल्या दोन खवल्यांवर अशा खोल खाचा दिसतात. जाळीदार अजगरात पहिल्या चार खवल्यांवर. वोमा आणि काळ्या डोक्याच्या अजगराच्या ओठांवर मात्र या खाचा नाहीत. भक्ष्यच थंड रक्ताचं असेल आणि तोंड सतत मातीत खुपसायचं असेल, तर ओठांवर खाचांचा उपयोग किती, असा त्यामागचा तर्क सांगतात. या खाचा काम कशा करतात, त्यामागचं प्रथिन कोणतं, हे २०१० मध्ये उलगडलं. त्या संशोधनात डेव्हिड ज्युलियस होते. त्यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं, तापमान आणि स्पर्श आपल्याला कसे कळतात यावरच्या कामासाठी.

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. "डोकं लांबट", "डोकं रुंद" हे सगळं डोळ्यांनी सांगणं झालं. मोजायचं कसं? मोठ्या सापाचं डोकं मोठंच असणार, मग आकार आणि आकारमान वेगळं कसं करायचं?

यासाठी एक सुंदर पद्धत आहे. डोक्यावर ठरावीक खुणा निवडायच्या : नाकाचं टोक, डोळ्याच्या दोन कडा, जबड्याचा कोपरा, असं. प्रत्येक नमुन्यावर त्याच खुणांचे बिंदू टिपायचे. मग सगळे नमुने एकमेकांवर ठेवायचे, लहान-मोठे असतील तर एका मापाला आणायचे, तिरके असतील तर फिरवून सरळ करायचे. एवढं करून जो फरक उरतो, तो फक्त आकाराचा. शाळेत आपण समरूप त्रिकोण शिकलो ना, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या डेमियन एस्केरे आणि स्कॉट किओ यांनी २०१६ मध्ये नेमकं हेच केलं. अजगर, बोआ आणि त्यांचे नातेवाईक मिळून ८० हून जास्त जातींचे हजाराहून अधिक नमुने मोजले. प्रश्न असा होता की, अजगर आणि बोआ हे कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले गट, पण दोन्हींत झाडावरचे आहेत, पाण्याजवळचे आहेत, बिळातले आहेत. तर मग सारखं काम करणाऱ्यांची डोकी सारखी झाली का?

उत्तर आलं, हो, ठळकपणे. हिरवा वृक्ष अजगर आणि दक्षिण अमेरिकेतला पाचूसारखा हिरवा वृक्ष बोआ शेजारी ठेवले तर भल्याभल्यांची फसगत होते. रंग तोच, बसायची ढब तीच, डोकं तसंच. पण एक अंडी घालतो, दुसरा पिल्लांना जन्म देतो. एकाच्या उष्णतेच्या खाचा खवल्यांच्या आत, दुसऱ्याच्या दोन खवल्यांच्या मधे. नातं लांबचं, धंदा एकच.

याचं घरातलं उदाहरण हवंय? आपलं मांडूळ घ्या. मांडूळ बोआच्या बाजूचं, अजगराच्या बाजूचं नाही. पण जमिनीत घुसणारं, म्हणून डोकं बोथट, मान नाही, इतकी नाही की शेपूट कुठलं आणि तोंड कुठलं कळेना. म्हणून तर आपण त्याला दुतोंड्या म्हणतो! तिकडे ऑस्ट्रेलियातल्या वोमाचीही मान अशीच गायब झालेली. दोघांनाही मातीत घुसायचं आहे.

उलट बाजूही तितकीच मजेशीर आहे. जाळीदार अजगर आणि आपला भारतीय अजगर, दोघंही आशियातले, दोघंही अवाढव्य. पूर्वी एकाच वंशात गणले जायचे. पण जनुकं तपासली तेव्हा दिसलं की जाळीदार अजगराचं जवळचं नातं ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडच्या अजगरांशी आहे. शेवटी २०१४ मध्ये त्याला वेगळा वंश दिला गेला.

म्हणजे बघा, डोक्याचा आकार ही आडनावाची पाटी नाही. तो व्यवसायाची पाटी आहे. हा साप राहतो कुठे, खातो काय, शिकार करतो कशी, हे डोकं सांगतं. तो कुणाचा कोण, हे सांगेलच असं नाही. आणि विषारी आहे की नाही, हे तर त्या पाटीवर लिहिलेलंच नाही.

त्यात एकाच सापाचं डोकं आयुष्यभर एकसारखं राहत नाही. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं. मग अंग वाढतं, प्रमाण बदलतं. खाणंही बदलतं. सुमात्रातल्या जाळीदार अजगरांचा अभ्यास झाला, त्यात लहान अजगर मुख्यतः उंदरांवर जगताना दिसले. तीन-चार मीटरचे झाले की साळिंदर, खवले मांजर, माकड, रानडुक्कर. हिरव्या वृक्ष अजगराची पिल्लं तर पिवळी किंवा लाल असतात, दिवसा छोटे सरडे वगैरे पकडतात, आणि मोठी झाल्यावर हिरवी होऊन रात्री उंदरांच्या मागे लागतात. म्हणजे "या जातीचं डोकं असं" म्हणताना कुठल्या वयाचं, हेही विचारायला हवं.

आता येऊ आपल्या अंगणात. भारतात माणसांचे सर्वाधिक बळी घेणारे चार साप तुम्हाला माहीत आहेत : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. यातल्या घोणस आणि फुरशाचं डोकं त्रिकोणी. नागाचं नाही. मण्यारीचं तर डोकं मानेपेक्षा जेमतेम रुंद, अगदी साधंसुधं दिसणारं. म्हणजे चारपैकी दोघं "त्रिकोणी डोकं" या परीक्षेत बिनविषारी ठरतात. आणि अजगर, जो खरंच बिनविषारी, तो विषारी ठरतो. दिवडीसारखा बिनविषारी साप चिडला की मान आणि डोकं चपटं करतो, तोही विषारी ठरतो. असा नियम काय कामाचा?

हे गमतीवारी नेण्यासारखं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यापाड्यातली, शेतात राबणारी.

आणि सगळ्यांत धोकादायक गोंधळ आहे घोणस आणि अजगर यांचा. अजगराचं पिल्लू दीड-दोन फुटांचं असतं, अंगावर तपकिरी ठिपके, डोकं त्रिकोणी. घोणसही तपकिरी, जाड, त्रिकोणी डोक्याची, सुस्त पडलेली. "अरे, अजगराचं पिल्लू आहे," म्हणून कुणी उचलायला जातं, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. फरक आहेत. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके रांगेत असतात, अजगराचे डाग वेडेवाकडे, नकाशासारखे. घोणशीचे खवले खरखरीत, अजगराचे गुळगुळीत, चमकदार. घोणशीच्या डोक्यावर सगळे बारीक खवले, अजगराच्या डोक्यावर पुढच्या भागात मोठे. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. पण मंडळी, हे फरक मी फोटो बघताना कळावेत म्हणून सांगतोय. समोर साप असताना वाकून खवले तपासायला नाही!

माझा एक मित्र सर्पमित्र आहे. तो मला म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग एक अ‍ॅप बनव. सापाच्या डोक्याचा फोटो काढायचा, अ‍ॅप सांगेल विषारी की बिनविषारी." मी त्याला नाही म्हणालो. त्याला जे कारण दिलं तेच तुम्हाला देतो.

समजा, असं अ‍ॅप शंभरातले ९५ साप बरोबर ओळखतं. आमच्या क्षेत्रात लोक यावर पार्टी करतील. पण चुका दोन प्रकारच्या असतात. अजगराला घोणस म्हटलं, तर घाबरून लोक त्याला मारतील. हे वाईटच आहे. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. पण घोणशीला अजगर म्हटलं, तर एखाद्याच्या घरातला कर्ता माणूस जाईल. सिनेमा सुचवणाऱ्या अ‍ॅपची चूक दोन तासांत संपते. ही चूक संपत नाही. त्यात फोटो वरून काढलाय की बाजूने, सापाने डोकं चपटं केलंय का, पिल्लू आहे की मोठा, या सगळ्याने डोकं वेगळं दिसतं. जे चिन्ह मुळात विषाबद्दल काही सांगतच नाही, त्यावर कितीही हुशार कोड लिहिला तरी तो काय सांगणार?

मित्र थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "खरंय. आणि अ‍ॅपसाठी फोटो काढायला लोक आणखी जवळ जातील." हा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि तो माझ्या सगळ्या गणितापेक्षा भारी आहे.

मग करायचं काय? साप दिसला की चार-पाच पावलं मागे व्हायचं. लहान मुलं, कुत्री-मांजरं लांब ठेवायची. सापावर लांबूनच नजर ठेवायची आणि ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वन विभागाला फोन लावायचा. महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. दंश झालाच तर साप कुठला, डोकं कसलं, यात वेळ घालवायचा नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात-पाय शक्यतो न हलवता थेट दवाखाना. १०८ ला फोन करा. ओळख पटवायला सापाला मारून सोबत न्यायची गरज नाही, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

आणि कधी राणीच्या बागेत किंवा कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपलीकडे अजगर दिसला, तर मात्र जरूर थांबा. तिथे निवांत बघता येतं. ओठांवरच्या खाचा शोधा. डोक्यावरचा बाण नाकापर्यंत जातो का बघा. मान किती बारीक आहे ते बघा, आणि मग स्वतःलाच विचारा, हा राहतो कुठे आणि खातो काय? बघा, डोकंच तुम्हाला उत्तर देईल.

आजच्यासाठी एवढंच. घरच्या ग्रुपवर "त्रिकोणी डोकं" वाला मेसेज आला, तर भांडू नका, हा भाग पाठवून द्या. तुमच्या गावाकडे अजगराला, घोणशीला आणखी काय नावं आहेत, तेही नक्की कळवा, मला फार आवडेल. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यायला विसरू नका.